आधी पाणी, मग पोल: काच सफाईचा पहिला वॉटर-फेड संच, नाशिक (प्रकल्प नोंदी)

३ नोव्हेंबर २०२५: आवाका

वॉटर-फेड म्हणजे लांब पोलमधून शुद्ध पाणी ब्रशपर्यंत चढवून, खाली जमिनीवर उभं राहूनच बाहेरच्या काचा धुवायची पद्धत. उंचीची मर्यादा ठरली: तळमजला अधिक दोन. कॉलेज रोड, गंगापूर रोड, शरणपूर रोड, इंदिरानगर या पट्ट्यातली पुष्कळ शोरूम, दवाखाने, क्लासेस आणि ऑफिसं याच उंचीत बसतात. त्यावरचे टॉवर सोडून दिले. तिथे दोरावरची माणसं नाहीतर झुला लागतो. त्यांच्या कामावर डोळा ठेवून पहिल्याच खरेदीत १५ मीटरचा पोल घेतला तर तो वर्षभर गॅलरीत पडून राहतो.

दुसरी चाळणी ग्रिलची. बाहेरून लोखंडी ग्रिल असेल तर ब्रश काचेला टेकत नाही. गजांमधून नुसतं पाणी मारलं की धूळ ओली होऊन ओघळते, तशीच वाळते आणि खिडकी आधीपेक्षा घाण दिसते. त्यामुळे राहती घरं जवळजवळ सगळी बाद. काम आहे ते फिक्स काच, बिनग्रिलचं अॅल्युमिनियम स्लायडिंग, स्ट्रक्चरल ग्लेझिंग (दर्शनी भिंतीभर लावलेली काच) आणि त्याला लागून असलेलं एसीपी क्लॅडिंग (भिंतीवरचं धातूच्या पातळ पॅनलचं आवरण) यांवर.

पोलच्या लांबीचा हिशेब: जोतं २ फूट, तळमजल्याचं शोरूम १४ फूट, पहिला मजला १० फूट, त्यावर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीचा माथा ७ फूट. एकूण ३३ फूट, म्हणजे १० मीटर. पोल भिंतीला समांतर उभा धरता येत नाही, माणूस थोडा मागे असतो आणि कोन ७५ अंशांच्या आसपास पडतो. त्या कोनात ९ मीटरचा पोल ८.७ मीटर उंची देतो. हाताची १.२ मीटर धरली की ९.९. उरलेली वीतभर ब्रश आणि त्याच्या वाकड्या मानेत भरून निघते. थोडक्यात, ९ मीटर पुरतो, ६ मीटरचा फक्त पहिल्या मजल्यापर्यंत.

४ नोव्हेंबर २०२५: पाणी मोजलं

पोलची चौकशी बाजूला ठेवून आधी टीडीएस पेन, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं पेन काढलं. या पद्धतीत काच पुसायची नसते, धुवून तशीच वाळू द्यायची असते. पाण्यात क्षार जितके, तितके डाग. पाण्याचा टीडीएस ३०० असेल तर एक लिटर पाणी वाळल्यावर ३०० मिलिग्रॅम क्षार मागे राहतात, आणि काळ्या रिफ्लेक्टिव्ह काचेवर ते दहा पावलांवरून दिसतात. लक्ष्य ० ते ५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). १० पर्यंत चालतं. १५ च्या पुढे गडद काचेवर ठिपके उठतात.

आजची मापं: महापालिकेचा नळ, सकाळच्या वेळेत, थेट मेन लाइनवर १४०. तेच पाणी सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीतून संध्याकाळी ३१०, कारण खालच्या हौदात बोअर मिसळतं. नुसतं बोअर ७२०. २० लिटरचा पाण्याचा जार ५५. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी १.

हे आकडे या एका जागेचे आहेत. गंगापूर धरणाचं पाणी आणि डेक्कनच्या बेसाल्टमधून आलेलं बोअरचं पाणी यांत फरक असणारच, पण किती ते प्रत्येकाने आपापल्या नळावर मोजावं, आणि एकदाच नको. उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की एकाच टाकीचं पाणी आठवड्यात दोनदा बदलतं.

जारचं पाणी घेऊन काम भागेल का, हा प्रश्न हमखास येतो. नाही. पिण्याच्या पाण्यात चवीसाठी क्षार मुद्दाम ठेवलेले असतात. बॅटरीचं पाणी मात्र गिऱ्हाइकाला नमुना दाखवायला उत्तम. पाच लिटरच्या दोन कॅनमध्ये शोरूमच्या दोन काचा आरामात होतात, तेही एक रुपयाचं प्लांट न घेता.

७ नोव्हेंबर २०२५: नुसतं रेझिन की आधी आरओ?

मिक्स्ड बेड रेझिन, म्हणजे पाण्यातले क्षार धरून ठेवणारे दोन जातींचे मिसळलेले दाणे, दर लिटर रेझिनमागे साधारण २५ ग्रॅम क्षार धरतं, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. थरमॅक्सची टुल्सिऑन किंवा आयन एक्स्चेंजची इंडिऑन, दोन्हींची मिक्स्ड बेड रेझिन मिळतात. २५ लिटरची बंद पिशवी घेतलेली बरी. सुट्या रेझिनचा भरवसा नाही: पिशवी उघडी राहिली की ते सुकतं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत बसतं.

७ लिटर रेझिन धरू. क्षमता १७५ ग्रॅम.
नळाचं १४० पीपीएम पाणी: १,२५० लिटर.
टाकीचं ३१०: सुमारे ५६० लिटर.
बोअरचं ७२०: २४० लिटर.
आरओतून आलेलं ७: कागदावर २५,००० लिटर.

शेवटच्या आकड्यावर विसंबू नये. आरओच्या पडद्यातून कार्बन डायऑक्साइड आरपार जातो, तो टीडीएस पेनवर दिसत नाही, पण रेझिनमधली जागा खातो. निम्मं धरलं तरी १२,००० लिटर होतात.

एका पोलला दिवसाकाठी १५० ते २०० लिटर लागतात. टाकीचं पाणी थेट रेझिनमधून काढलं तर तीन-चार दिवसांत ७ लिटर रेझिन संपतं. रेझिनच्या आधी आरओ लावला तर तेच रेझिन दोन-अडीच महिने चालतं. त्यामुळे नाशिकसारख्या मिश्र पाण्याच्या गावात नुसत्या रेझिनवर धंदा उभा करणं वेडेपणा आहे. मेन लाइनचं पाणी १०० च्या आत येत असेल आणि आठवड्यातून एकच काम असेल, तरच आरओशिवाय चालेल.

रेझिन घरी पुन्हा चार्ज करायच्या भानगडीत पडू नये. धन आणि ऋण आयनांची रेझिनं आधी वेगळी करावी लागतात, मग एकाला आम्ल, दुसऱ्याला कॉस्टिक. पिशवी नवी आणलेली परवडते.

१० नोव्हेंबर २०२५: आरओ

पहिल्या संचासाठी १०० जीपीडीचं मेंब्रेन (आरओचा गाळणारा पडदा) आणि त्याचा बूस्टर पंप. १०० जीपीडी म्हणजे दिवसाला १०० गॅलन, ३८० लिटर, तासाला १५–१६. रात्री दहा तास चालवला की सकाळी १५० लिटर तयार. ५०० लिटर साठवणीचा विचार तूर्त नको: तेवढं पाणी म्हणजे अर्धा टन वजन आणि ते वाहून न्यायला वेगळी गाडी.

घरगुती आरओ वापरायचा तर त्यातून काही गोष्टी काढाव्या लागतात. मिनरल किंवा अल्कलाइन कार्ट्रिज हे शुद्ध झालेल्या पाण्यात परत क्षार घालतं. टीडीएस कंट्रोलर, म्हणजे तो छोटा स्क्रू असलेला वॉल्व्ह, कच्चं पाणी मिसळतो. तो पूर्ण बंद करण्यापेक्षा नळी सरळ जोडून टाकावी, कारण बंद केलेला कंट्रोलरही थोडा झिरपतो. यूव्ही राहिला तरी हरकत नाही, उपयोग शून्य. ठेवायचं ते: ५ मायक्रॉनचं सेडिमेंट, कार्बन, मेंब्रेन, फ्लो रेस्ट्रिक्टर (बाहेर टाकायच्या पाण्याची वाट आवळणारा तुकडा). कार्बन वगळू नये. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मेंब्रेनचा पडदा खातं आणि काही महिन्यांत आउटपुटचा टीडीएस चढत जातो.

आउटपुटला १४० चं ७ झालं, म्हणजे ९५ टक्के. ठीक. पण सुरू केल्याबरोबरचं पाणी मोजू नये. बंद अवस्थेत क्षार पडद्यातून पलीकडे सरकतात, म्हणून पहिली पाच मिनिटं आकडा जास्त दिसतो. ते पाणी वेगळ्या बादलीत काढायचं, रेझिनमध्ये सोडायचं नाही.

रिजेक्ट, म्हणजे आरओ बाहेर टाकतो ते पाणी, शुद्ध पाण्याच्या दुप्पट निघतं. नळाचं असेल तर त्याचा टीडीएस २१० च्या आसपास येतो. पायऱ्या, पार्किंग धुवायला, संडासाच्या टाकीला, झाडांनासुद्धा चालतं. बोअरचं रिजेक्ट हजाराच्या वर जातं, ते कुंड्यांना घालू नये.

जोडणीत एक घोळ सारखा होतो. आरओची नळी पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमी. हार्डवेअरच्या दुकानात न्यूमॅटिकचे (हवेच्या नळ्यांचे) ६ मिमी पुश-फिट, म्हणजे नळी नुसती दाबून बसवायचे कनेक्टर मिळतात, ते हाताने जवळजवळ बसतात आणि दाब आला की सुटतात किंवा थेंब थेंब गळतात. ८ मिमीची गोष्ट वेगळी: ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, दोन्ही एकमेकांत चालतात. पाव इंचाला पाव इंचीच घ्यायचं.

१४ नोव्हेंबर २०२५: रेझिन भरलं

घरगुती १० इंची हाउसिंगमध्ये (फिल्टरच्या डब्यात) लिटरभरही रेझिन मावत नाही. आरओनंतर तासाला १५ लिटर असताना ते पुरेल, पण पंपानंतर थेट २ लिटर मिनिटाला काढलं तर पाणी रेझिनला टेकून निघून जातं, पेनवर ८–१० दिसतं, आणि रेझिन संपलं असं वाटून माणूस चांगलं रेझिन फेकतो. म्हणून ८१७ आकाराची (८ इंच रुंद, १७ इंच उंच) एफआरपी, म्हणजे फायबरची टाकी निवडली. आत सुमारे ११ लिटर जागा.

ती पूर्ण भरायची. सात लिटर घालून वर रिकामी जागा ठेवली की पाण्याबरोबर दाणे वर उठतात, हलकं आणि जड रेझिन वेगळं होतं आणि मिक्स्ड बेडचा अर्थच उरत नाही. पाणी वरून खाली न्यायचं, उलट कधीच नाही. बॅकवॉश द्यायचा नाही. आणि टाकी गाडीत आडवी टाकायची नाही: आडव्या टाकीत दाणे खाली बसतात, वरून मोकळी वाट तयार होते आणि पाणी त्या वाटेने शुद्ध न होता पळतं.

भरण्याची रीत: मधल्या उभ्या पाइपच्या तोंडाला टेप लावायचा, नाहीतर दाणे आत जातात. नरसाळ्याने भरत, टाकी हलकेच आपटत दाणे बसवायचे. टेप काढून वरची जाळी तपासायची. जाळीला चीर असेल तर पहिल्याच दिवशी दाणे ब्रशच्या जेटमध्ये (धार सोडणाऱ्या तोंडात) पोचतात. रेझिनचा दाणा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, जेट दोन मिलिमीटरचा, तरी तीन-चार दाणे एकत्र आले की धार वाकडी जाते.

संपलेल्या रेझिनला मासळीसारखा वास येतो. पण त्या वासाची वाट पाहू नये, पेनवर ६–७ आलं की बदलायला घ्यावं.

साठवण: निळे किंवा काळे एचडीपीई (जाड प्लॅस्टिकचे) कॅन, अन्नासाठीचे, नवे. पारदर्शक कॅनमध्ये उन्हात शेवाळ धरतं. साबण, फिनेल किंवा औषधाचा जुना कॅन कितीही धुतला तरी फेस येतो, आणि फेस वाळला की काचेवर नकाशे. लोखंडी किंवा जीआय (जस्त चढवलेली) टाकी नको: शुद्ध पाणी धातूतून क्षार उचलतं.

१८ नोव्हेंबर २०२५: पोल

चार प्रकार समोर ठेवले.

अॅल्युमिनियम स्वस्त. सोलर पॅनल धुण्यासाठी म्हणून बाजारात भरपूर मिळतात, ब्रश आणि नळीसह. गच्चीवर उभं राहून पॅनल धुवायला ठीक. रस्त्याकडेच्या इमारतीला नको, कारण वीज. खाली वेगळी नोंद आहे.

ग्लास फायबर ६ मीटरपर्यंत चांगला. त्यापुढे जड होतो आणि धनुष्यासारखा वाकतो. वाकला की वरचा ब्रश काचेवर दाब देत नाही, नुसता फिरतो, आणि खालच्या माणसाला वाटतं घासलं जातंय.

हायब्रिड म्हणजे ग्लास आणि कार्बन मिसळून. ६ ते ७.५ मीटर कामासाठी पैशाच्या मानाने हाच योग्य.

कार्बन फायबर ९ मीटरला. दिवसभर हात वर ठेवून काम करायचं असतं तेव्हा एक किलोचा फरक दुपारनंतर खांद्याला कळतो. महाग आहे, पण ९ मीटरला दुसरा समजूतदार पर्याय दिसत नाही.

निर्णय: पहिला पोल ९ मीटरचा कार्बन, पण असा की ज्याचे खालचे जाड भाग काढून ठेवता येतात. तळाचं टोपण काढून आतले बारीक भाग मागून बाहेर ओढायचे आणि तेवढेच वापरायचे. तळमजल्याच्या काचेसाठी पूर्ण ९ मीटरचा बंद पोल हातात धरणं म्हणजे उगाच वजन. पैसे कमी असतील तर ६ मीटरचा हायब्रिड घेऊन तळमजला आणि पहिल्या मजल्याची कामं धरावीत. ९ मीटरचा स्वस्त ग्लास फायबर हा मधला मार्ग दिसतो खरा, पण तो सगळ्यात वाईट.

दुकानात बघायचं ते असं: पोल पूर्ण उघडून आडवा धरायचा आणि टोक किती लवतं ते पाहायचं. प्रत्येक क्लॅम्प (पोलचे भाग जागेवर धरणारी पकड) लावून पोल उभा जमिनीवर टेकवून वजन द्यायचं. एखादा भाग सरकला तर क्लॅम्पच्या स्क्रूला पाव फेरा. जास्त आवळला तर कार्बनची नळी चिरते, म्हणून पाव-पाव फेरा. आणि विचारायचं की सुटा क्लॅम्प, सुटा भाग नंतर मिळेल का. परदेशी पोलचा एक क्लॅम्प मागवायला महिना लागणार असेल तर दोन जास्तीचे आजच घ्यायचे.

२१ नोव्हेंबर २०२५: नळी आणि पंप

पोलच्या आतली नळी ५ मिमी आतल्या मापाची, बाहेरून ८. मिनिटाला दीड लिटर जाताना दहा मीटरमागे अर्धा बार दाब खाते. पोलची उंची ९ मीटर, त्याला ०.९ बार. जेटपाशी अर्धा-एक बार हवा. इथवर दोन-अडीच बार.

आता जमिनीवरची नळी. मिनिटाला २ लिटर, १०० मीटर लांबी: ६ मिमी आतल्या मापाची नळी सुमारे ४ बार खाते, ८ मिमीची सुमारे १ बार. इमारतीला वळसा घालायला ५० मीटर बास. ८ मिमी घेतली की अर्धा बार. ६ मिमीची हलकी असते, गुंडाळायला सोपी, म्हणून लोक तीच घेतात आणि मग वर धार येत नाही म्हणून पंप बदलतात. नळी भडक रंगाची घ्यावी, फुटपाथवर पाय अडकून पडणारा माणूस गिऱ्हाईकच असू शकतो.

पंप १२ व्होल्टचा डायफ्राम, मिनिटाला ५ लिटर, ७ बारच्या प्रेशर स्विचचा. त्याला डीसी स्पीड कंट्रोलर जोडायचा. कंट्रोलर नसला तर कमी धारेवर पंप टक-टक करत दर सेकंदाला चालू-बंद होतो, प्रेशर स्विचचे पॉइंट जळतात आणि बॅटरीही लवकर बसते. पंप पाणी ओढतो त्या बाजूला जाळीचा गाळणा हवाच.

बॅटरी: पंप कामावर ३ ते ४ अँपिअर ओढतो. चार तासांना १२ ते १६ अँपिअर-तास. लेड-अॅसिड अर्धीच वापरायची म्हटली तर २४ ते ३२ अँपिअर-तासांची लागते. लिथियम आयर्न फॉस्फेट १८ ची पुरते, वजन निम्म्याहून कमी.

कॅन रिकामा झाला आणि पंपात हवा गेली की मोटर फिरते पण पाणी येत नाही. पंपाच्या पुढची जोडणी सोडून हवा काढायची, मग परत लावायची. पोल वर असताना हे होणं म्हणजे त्रास, म्हणून कॅनमध्ये दोन-तीन लिटर राहिले की बदलायचा.

२५ नोव्हेंबर २०२५: फवारणीच्या पंपाचा पर्याय

द्राक्षाच्या पट्ट्यात असल्याचा फायदा असा की पाठीवरचा बॅटरी फवारणी पंप कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतो, दुरुस्तीही होते. १६ ते २० लिटरची टाकी, आत १२ व्होल्टचाच डायफ्राम पंप, ८ अँपिअर-तासांची बॅटरी, वेग कमी-जास्त करायचं बटण. लान्स (फवारणीची दांडी) काढून त्या जागी ८ मिमी कनेक्टर लावला की पोलला जोडता येतो.

सिंगल मोटरचा पंप ६ मीटरपर्यंत नीट चालतो. ९ मीटरला डबल मोटर घ्यावा. २० लिटर दीड लिटरच्या धारेने तेरा-चौदा मिनिटांत संपतात, म्हणजे सहा-आठ मध्यम काचा. दोन मजली दवाखान्याला हा भरणं-संपणं खेळ परवडतो, मोठ्या शोरूमला नाही. आणि २० किलो पाठीवर घेऊन वर बघत पोल चालवणं मानेला बरं नाही. पंप ट्रॉलीवर ठेवावा.

एक अट: पंप कोरा हवा. औषध मारलेला पंप धुऊन वापरायचा नाही. टाकीला आणि नळीला चिकटलेलं औषध काचेवर, खिडकीच्या कट्ट्यावर आणि खालून जाणाऱ्यांवर पडतं. शेजारच्या शेतकऱ्याकडून उसना आणू नये, कितीही जवळचा असला तरी.

२९ नोव्हेंबर २०२५: ब्रश आणि जेट

रुंदी २५ ते ३० सेंटिमीटर. ४० चा ब्रश मोठ्या काचेवर भराभर चालतो पण ९ मीटरवर जड पडतो आणि नाशिकमधल्या तीन पट्ट्यांच्या स्लायडिंगमध्ये अडकतो. केस: पहिल्या धुण्याला कडक मोनोफिलामेंट (अखंड केसांचा), नंतरच्या नेहमीच्या कामाला टोकं फाटलेला मऊ. एकच घ्यायचा तर मऊ आणि कडक मिश्र.

जेट दोन, पेन्सिल म्हणजे सरळ बारीक धारेचे, २ मिमीचे. पंख्यासारखी धार असलेले जेट पाणी पसरून सोडतात. काचेवर पाणी चादरीसारखं पसरत असेल तर शेवटचं धुणं ब्रश टेकवूनच करता येतं. पाण्याचे मोती होत असतील तर ब्रश काचेपासून दोन बोटं मागे घेऊन धारेने वरून खाली धुवायचं, नाहीतर प्रत्येक मोती आपला डाग ठेवून जातो. काच कुठल्या जातीची ते पहिल्या धारेतच कळतं.

मान, म्हणजे पोल आणि ब्रशमधला वाकडा जोड, कोन बदलता येणारी घ्यावी. छज्जा पुढे आलेला असेल तर सरळ ब्रश काचेच्या वरच्या पट्टीला पोचतच नाही, आणि घाण नेमकी तिथून ओघळते.

४ डिसेंबर २०२५: इमारतीवर चाचणी

गंगापूर रोडवरची दुमजली इमारत, अॅल्युमिनियम स्लायडिंग, वर्षभर न धुतलेल्या काचा. पाणी ३ पीपीएम.

पहिल्या धुण्यानंतर निम्म्या काचांवर ओघळ राहिले. पाण्याचा दोष नव्हता. चौकटीच्या सेक्शनच्या खाचेत आणि रबराच्या मागे साठलेली माती पाणी मुरल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी उतरते. उपाय: एका बाजूच्या सगळ्या खिडक्यांच्या फक्त चौकटी आधी धुवून घ्यायच्या, वरची पट्टी दोनदा, आणि पंधरा मिनिटांनी काचा. तरीही गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं की जुनी खिडकी दुसऱ्या-तिसऱ्या धुण्याला खरी उजळते. पहिल्या धुण्यापाठोपाठ महिन्याच्या आत दुसरं धुणं घेतलं तर दर कमी, असा करार बरा.

चौकटीचं पावडर कोटिंग (वरचा रंग) खडूसारखं झालं असेल तर पांढरट पाणी उतरतं. तिथे ब्रश चौकटीवर घासायचा नाही.

एका काचेवर बागेच्या स्प्रिंकलरमुळे बोअरच्या पाण्याचे पांढरे वर्तुळाकार डाग होते. ते निघाले नाहीत, निघणारही नाहीत. शुद्ध पाणी धूळ, पराग, कबुतराची घाण काढतं, काचेत बसलेला क्षार नाही. त्याला आम्लाचं डिस्केलर, फार जुना असेल तर सेरियम ऑक्साइडने पॉलिश, आणि ते वेगळ्या दराचं काम. कबुतराची विष्ठा कोरडी खरवडायची नाही, भिजवून ठेवायची, तोंडावर मास्क.

पश्चिमेच्या काचा सकाळी, पूर्वेच्या दुपारनंतर. तापलेल्या काचेवर घाणेरडं पाणी धुवायच्या आत वाळतं.

९ डिसेंबर २०२५: थंडी

आरओचं पाणी रात्रीत १५० वरून १०० लिटरच्या आसपास आलं. मेंब्रेनला काही झालेलं नाही. त्याची क्षमता २५ अंशाला लिहिलेली असते आणि पाणी जसं गार होतं तसं दर अंशाला सुमारे ३ टक्के कमी झिरपतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटे १२–१३ अंशांवर असेल तर तिसरा हिस्सा गेलाच. निफाडचा पारा पाच-सहावर उतरतो त्या आठवड्यांत तर विचारू नका. दिवसा चालवायचा, टाकीचं ऊन लागलेलं पाणी मिळतं. थंडीत टीडीएस मात्र किंचित कमी येतो, तेवढाच फायदा.

थंडीत नळ्याही ताठ होतात, गुंडाळी उलगडताना मुरड पडते आणि मुरडीवर नळी पुढे फुटते. पीव्हीसीऐवजी जाळी विणलेली मऊ नळी यासाठीच.

१३ डिसेंबर २०२५: वीज आणि इतर धोके

कार्बन फायबर विजेचा वाहक आहे. अॅल्युमिनियम आहेच. ग्लास फायबर कोरडा असताना नाही, पण ओला, मातीने माखलेला पोल कोरडा नसतो. शुद्ध पाणी वीज वाहत नाही हे पुस्तकात खरं; काचेवरून उतरताना त्यात माती मिसळली की संपलं.

नियम असा ठेवला: ओव्हरहेड तार, एलटी (कमी दाबाची) असो वा ११ केव्ही (उच्च दाबाची), पोल पूर्ण उघडून कुठल्याही दिशेला आडवा पडला तरी तारेपासून ३ मीटर लांब राहिला पाहिजे. ९ मीटरच्या पोलला म्हणजे १२ मीटर. जुन्या पेठांत, रविवार कारंजा, भद्रकाली बाजूला, हे अंतर मिळणं अवघड. तिथली कामं पोलने घेऊच नयेत.

तार नसली तरी दुकानाचा ग्लो साइन बोर्ड असतो. मागे उघडे जोड, काळी टेप, पावसाळ्यात गंजलेला डबा. काम सुरू करायच्या आधी बोर्डाचा एमसीबी पाडायचा, स्वतः जाऊन, 'बंद केलाय' या शब्दावर नाही. एसीचे आउटडोअर युनिट आणि कॅमेरे यांच्यावर धार धरायची नाही.

छज्ज्याखाली मोहोळ दिसलं तर त्या बाजूचं काम थांबवायचं. पाण्याची धार लागलेलं आग्या मोहोळ अख्खा रस्ता रिकामा करतं.

खाली कोटा किंवा ग्रॅनाइट ओला झाला की निसरडा होतो. दोन ट्रॅफिक कोन, अडवायला एक टेप, आणि पोल वर असताना एक माणूस फक्त खाली बघायला. आत खिडकीच्या कट्ट्यावरचे कागद, लॅपटॉप आधी हलवायला सांगायचं. जुन्या स्लायडिंगचे ब्रश-रबर झिजलेले असतात आणि पाणी आत येतं.

१८ डिसेंबर २०२५: खरेदीचा क्रम

टीडीएस पेन दोन, एक आरओपाशी, एक गाडीत. मग १०० जीपीडी आरओ, सेडिमेंट आणि कार्बनचे दोन-दोन जादा कार्ट्रिज. ८१७ टाकी आणि २५ लिटर रेझिन. ११ भरून उरलेलं दुहेरी पिशवीत घट्ट बांधून, थोडं ओलं, सावलीत. २० लिटरचे आठ कॅन. पंप, कंट्रोलर, १८ अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी, दुमडती ट्रॉली. ५० मीटर ८ मिमी नळी. मिश्र केसांचा ३० सेंटिमीटर ब्रश, कोन बदलणारी मान, जादा जेट चार, जादा क्लॅम्प दोन. सगळ्यात शेवटी पोल.

हातात पैसे थोडे असतील तर काट पोलमध्ये मारायची, पाण्यात नाही: ९ मीटर कार्बनच्या जागी ६ मीटर हायब्रिड, पंप-बॅटरी-ट्रॉलीच्या जागी कोरा फवारणी पंप. आरओ आणि रेझिन तसंच.

वायपर, टी-बार (कापड चढवलेला काच भिजवायचा दांडा) आणि साधी शिडी ठेवलीच आहे. दुकानाचा आतला भाग आणि तळमजल्याची दर्शनी काच हातानेच लवकर होते.

बाकी आहे ते: पोलच्या आत धूळ जाऊन भाग एकमेकांवर घासतात, त्यासाठी रोज संध्याकाळी पोल पूर्ण उघडून साध्या पाण्याने धुवून, ओल्या फडक्याने पुसून, क्लॅम्प सैल ठेवायचे. तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, धूळ चिकटते. मार्चमध्ये टँकर सुरू झाल्यावर टाकीच्या पाण्याचा टीडीएस रोज सकाळी लिहायचा. ४०० च्या पुढे गेला तर पंपाचा दाब आणि रेस्ट्रिक्टर बघून रिजेक्ट वाढवायचं, म्हणजे मेंब्रेनवर खवले धरणार नाहीत.